आजाऱ्याच्या ताटातली मासवडी

“जिवापेक्षा जीभ मोठी आहे का?” पथ्यावरच्या माणसाला एवढं विचारलं की वाद संपला, असं आपल्याकडे समजतात. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगावात हा प्रश्न मंचरच्या औषधाच्या दुकानाबाहेर ऐकू येतो, नारायणगावच्या एसटीत ऐकू येतो, ओतूरच्या ओट्यावर ऐकू येतो. मुलगा बापाला विचारतो, सून सासूला विचारते, तपासणीच्या टेबलापलीकडून डॉक्टरही विचारतात. विचारलेला माणूस मान खाली घालतो. आपण जिभेचे चोचले मागतोय असा आरोप त्याच्यावर ठेवलेला असतो, आणि आजारी माणसाच्या अंगात वाद घालायचं बळ नसतं. तो समोरच्या बिनमिठाच्या दुधीकडे बघत बसतो.

त्याच्या वतीने मला उत्तर द्यायचं आहे. मी डॉक्टर नाही, रोज चूल सांभाळणारी बाई आहे. आमच्या घरात सासऱ्यांना रक्तदाब, सासूबाईंना साखर आणि धाकट्या दिरांना डायलिसिस, अशी तीन पथ्यं एकाच स्वयंपाकघरात नांदतात. जीव आणि जीभ एकमेकांचे वैरी आहेत, एकाला दिलं की दुसऱ्याचं गेलं, हे त्या प्रश्नात न सांगता धरून चाललेलं असतं. माझं म्हणणं सरळ आहे: पथ्याच्या जेवणाला चव असणं हा उपचाराचाच भाग आहे, आणि बेचव पथ्य हे अपुरं, पुष्कळदा धोक्याचं पथ्य आहे.

प्रश्न विचारणारी माणसं वाईट नसतात, हे आधी सांगते. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. गोळ्या चालू असताना रोज लोणच्याची फोड खाणारा चुलता अर्धांगाने पडलेला असतो. सप्ताहातली बुंदी देवाचा प्रसाद म्हणून खाणाऱ्या आत्याच्या पायाचं बोट कापावं लागलेलं असतं. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत भारतातल्या मधुमेहींची संख्या 10 कोटींच्या वर निघाली आणि प्रौढांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लोकांना रक्तदाब आढळला. म्हणजे हे घराघरातलं दुखणं आहे आणि घरच्यांची भीती खरी आहे. डॉक्टरांच्या दारात गर्दी असते, एका रुग्णाला काही मिनिटं मिळतात, तेवढ्यात “तेल, मीठ, साखर बंद” एवढंच सांगून होतं. या सगळ्यांचा हेतू मला मान्य आहे. त्यांनी काढलेला मार्ग मात्र मान्य नाही.

का नाही, ते आजारावार सांगते. मधुमेहाचा माणूस ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेतो आणि जेवायला बसतो. औषध पोटात गेलेलं आहे, त्याचं काम सुरू होणार आहे. समोर पाण्यात उकडलेली भाजी आणि कोरडी पोळी. दोन घास खाऊन तो ताट सरकवतो, “नको वाटतं” म्हणतो. घरच्यांना वाटतं, बरं झालं, कमी खाल्लं. तासा-दोन तासांनी त्याला दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणं अडखळतं. साखर उतरलेली असते. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत हे रात्री झालं तर जिवावर बेततं. इथे चव नसण्याने जीव वाचला की धोक्यात आला?

मूत्रपिंडाच्या आजाराचं आणखी कठीण आहे. हा आजार वाढला की तोंडाची चव आपोआप बिघडते, काहींना सगळं लोखंडासारखं लागतं. भूक मेलेली असते. त्यातच डायलिसिस सुरू होण्याआधी प्रथिनं कमी करायला सांगितलेली असतात. अमेरिकेतल्या नॅशनल किडनी फाउंडेशनच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचना पाहा: डायलिसिस लागलेलं नाही आणि मधुमेहही नाही, अशा रुग्णाला किलोभर वजनामागे दिवसाला 0.55 ते 0.60 ग्रॅम प्रथिनं, आणि डायलिसिस सुरू झाल्यावर 1 ते 1.2 ग्रॅम. 50 किलोच्या माणसाला कालपर्यंत तीसेक ग्रॅम पुरत होती, आज 50 ते 60 ग्रॅम हवीत. आपल्या घरांमध्ये पथ्य एकदा बसलं की बसलं. डायलिसिस सुरू होऊन महिने उलटले तरी जुनाच भात आणि जुनीच पाणचट भाजी चालू राहते. माणूस वाळत जातो, दंडाचं मांस उतरतं, आणि लोक म्हणतात, आजारच तसा आहे. डायलिसिसवरच्या ज्या रुग्णांचं पोषण ढासळतं त्यांचे मृत्यू जास्त होतात, ही डॉक्टरांना नीट माहीत असलेली गोष्ट आहे. अशा माणसाला अंड्याचा पांढरा भाग कांदा-मिरची परतून खमंग करून दिला आणि त्याने तो आवडीने संपवला, तर त्याला चोचले कसं म्हणायचं? ते औषधाइतकंच गरजेचं अन्न आहे.

आणि तिसरी गोष्ट सगळ्यांना माहीत असून कोणी बोलत नाही. घरी बेचव मिळालेला माणूस बाहेर खातो. बाजारच्या दिवशी मिसळ, फाट्यावर वडापाव, शेतावर जाताना खिशात फरसाणाची पुडी. घरच्या आमटीतलं चिमूटभर मीठ वाचवलं आणि बाहेरच्या एका प्लेटीत त्याहून जास्त गेलं. वर चोरून खाल्ल्याचा अपराध मनात. मग तो तपासणीलाही जायचं टाळतो, कारण आकडे बोलतील याची भीती वाटते. बेचव पथ्याने माणूस पथ्यावर राहत नाही आणि घरच्यांना खरंही सांगत नाही.

बेचव आहाराचा एक मोठा प्रयोग अमेरिकेत झालेला आहे. वॉल्टर केम्पनर या जर्मनीतून गेलेल्या डॉक्टरने ड्यूक विद्यापीठात 1939 पासून वाढलेल्या रक्तदाबाच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना भात, फळं आणि साखर एवढ्यावर ठेवलं. मीठ जवळजवळ नाहीच. परिणाम खरोखर थक्क करणारे होते. ज्यांची आशा सोडली होती त्यांचा रक्तदाब उतरला, फुगलेली हृदयं आकसली. त्या काळात परिणामकारक औषधंच नव्हती, त्यामुळे केम्पनरचं श्रेय मोठं आहे. पण तो आहार इतका नीरस होता की देखरेखीबाहेर तो निभावणं फार थोड्यांना जमलं, आणि गोळ्या आल्यावर तो मागे पडला. याच्या उलट स्पेनमधली चाचणी. हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे 7,400 लोकांपैकी काही गटांना ऑलिव्ह तेल किंवा सुका मेवा भरपूर घालून, भाज्या, कडधान्यं, मासे असं त्यांचंच पारंपरिक, चवदार जेवण जेवायला सांगितलं. 2013 मध्ये निष्कर्ष आले, पद्धतीतल्या काही चुका सुधारून 2018 मध्ये पुन्हा छापले गेले. हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि त्यातून येणारे मृत्यू मिळून सुमारे 30 टक्क्यांनी कमी. लोकांनी तो आहार वर्षानुवर्षं सोडला नाही, कारण त्यात सोडण्यासारखं काही नव्हतं.

इतकं लांब जायला नको असेल तर चरकसंहिता आहे. पथ्याची कल्पना आपण जिथून घेतली त्याच ग्रंथाच्या सूत्रस्थानात पथ्य शरीराला न बाधणारं आणि मनाला आवडणारंही असावं असं सांगितलं आहे. चिकित्सास्थानाच्या शेवटच्या अध्यायात त्याहून पुढचं आहे: रोज तेच तेच खाऊन किंवा चव नसल्यामुळे पथ्याचा कंटाळा आला, तर वेगवेगळ्या पाककृतींनी ते रुग्णाला पुन्हा आवडेल असं करावं. म्हणजे आवड निर्माण करण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्यांवर टाकलेली आहे. आपण ती रुग्णाच्या निग्रहावर टाकून मोकळे झालो.

आता दुसरा आक्षेप. “आपलं जेवणच झणझणीत. तर्रीवालं, मसाल्याचं. त्यात पथ्य कसं बसवणार? त्यापेक्षा ओट्स खा.” मला एका दवाखान्यात छापील आहारपत्रक मिळालं होतं, त्यात ओट्स, ब्रोकोली, ब्राऊन ब्रेड आणि सूप होतं. बाजरी नव्हती, हुलगा नव्हता. आमच्याकडच्या बाईने ते वाचलं की ती एकच समजते: आपलं अन्न म्हणजे आजार आणि बरं होणं म्हणजे दुसऱ्या कोणाचं तरी अन्न.

हा आक्षेप मुळातच चुकीचा आहे, कारण आपल्या ताटाची बांधणी पथ्याला फार सोयीची आहे. बाजरीची भाकरी घ्या. तिच्या पिठात आमच्याकडे मीठ घालत नाहीत. पाव, बिस्किट, खारी, नान या सगळ्यांत मीठ किंवा सोडा असतो आणि सोड्यातही सोडियमच असतं. भाकरी मात्र मूळचीच अळणी, आणि तिला अळणी कोणी म्हणत नाही, कारण तव्यावरून निखाऱ्यावर गेलेल्या भाकरीला स्वतःचा स्वाद असतो. काळा मसाला घ्या. खोबरं, कांदा काळपट होईपर्यंत भाजलेला, दगडफूल, धने, तीळ. यातली एकही चव मिठातून आलेली नाही, सगळी भाजण्यातून आलेली आहे. फक्त तो घरचा हवा. विकतच्या मसाल्यांत आणि कांदा-लसूण मसाल्यात मीठ घातलेलं असतं, ते आपण हिशेबात धरत नाही आणि वरून पुन्हा चमचा टाकतो.

मिरचीवर तर घोर अन्याय झालेला आहे. आपल्याकडे तिखट आणि मीठ एका दमात बंद करतात. रक्तदाबाला मीठ बाधतं. मिरची बाधते असं नाही. आम्लपित्त असेल, पोटात व्रण असेल तर मिरचीचा वेगळा विचार करावा, पण नुसता रक्तदाब असलेल्या माणसाची मिरची काढून घेणं म्हणजे त्याच्याकडे उरलेलं सगळ्यांत चांगलं हत्यार काढून घेणं. मीठ निम्मं केल्यावर जी पोकळी तयार होते ती मिरची, लसूण, लिंबू, चिंच आणि भाजलेलं खोबरं भरून काढतात. सासऱ्यांसाठी मी खर्डा करते तो मिरच्या आणि लसूण तव्यावर डाग पडेपर्यंत भाजून, दाण्याचं कूट आणि लिंबू पिळून. मीठ चिमटीत मावेल एवढं. ते भाकरी मोडून खर्ड्यात बुडवतात आणि दुसरी मागतात.

आता मासवडीबद्दल थोडं सविस्तर, कारण आमच्याकडे पाहुणा आला की मासवडी आणि आजारी पडला की मासवडी बंद, असा शिरस्ता आहे. जुन्नर-आंबेगावची ही खरी ओळख. बेसन मसाल्याच्या पाण्यात घट्ट शिजवायचं, ओल्या फडक्यावर थापायचं, वर भाजलेले तीळ, सुकं खोबरं, खसखस, परतलेला कांदा, लसूण, कोथिंबीर यांचं सारण पसरायचं, फडक्यानेच गुंडाळी करून माशाचा आकार द्यायचा आणि वड्या कापायच्या. सोबत काळ्या मसाल्याचा रस्सा. आता हिच्याकडे मधुमेहाच्या नजरेने बघा. बाहेर हरभऱ्याचं पीठ, ते तांदूळ-गव्हाच्या मानाने साखर सावकाश वाढवतं. आत तीळ-खोबऱ्याची चरबी आणि तंतू. मैदा नाही, साखर नाही, तळण नाही. दोन भाकऱ्यांऐवजी एक भाकरी आणि चार वड्या घेतल्या तर हे मधुमेह्यासाठी उत्तम जेवण आहे. त्याला आपण आजाऱ्याच्या ताटातून हाकलून त्याजागी मारी बिस्किटं आणून बसवली, आणि बिस्किटात मैदा आणि साखर दोन्ही आहेत.

रक्तदाबासाठी मासवडीत मीठ तीन ठिकाणी जातं: बेसनात, सारणात आणि रश्शात. बेसन पूर्ण अळणी ठेवा, मीठ फक्त सारणात घाला. घास चावताना सारणाचं मीठ जिभेला आधी भेटतं आणि वडी अळणी लागत नाही. हे मी अनुभवाने सांगते, पण त्याला आधारही आहे. नेदरलँड्समध्ये 2010 साली पावावर केलेल्या प्रयोगात मीठ सगळीकडे सारखं न मिसळता काही थरांत जास्त, काही थरांत कमी ठेवलं, तर चौथ्या हिश्श्याहून जास्त मीठ कमी करूनही खाणाऱ्यांना पाव तितकाच खारट लागला. आपल्या आज्यांनी रचलेल्या वडीत ही सोय आधीपासून आहे. रस्सा तर कांदा-खोबरं विस्तवावर भाजून वाटल्यावर निम्म्या तेलात होतो. तर्री कमी दिसेल. चव कमी होणार नाही, कारण ती भाजण्यात आहे.

शेंगोळ्यांचंही तेच. हुलग्याचं पीठ, लसूण-मिरचीच्या पाण्यात शिजवलेलं. कडधान्य, तंतू, प्रथिनं, तेल जेमतेम. थंडीत आजारी माणसाला याहून बरं काय द्यायचं? पण आहारपत्रकात सूप असतं, तेही पाकिटातलं असलं तर मिठाने भरलेलं.

इथे एक तिसरा पक्ष पुढे येतो आणि तो मला पहिल्या दोघांपेक्षा घातक वाटतो, कारण तो गोड बोलतो. त्याचं म्हणणं: गावरान खा, सगळं चालतं. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं तेव्हापासून त्याला जोर आलाय. नाचणी कितीही खा, साखर वाढत नाही. पांढऱ्या साखरेऐवजी गूळ घ्या. साध्या मिठाऐवजी सैंधव घ्या. मोबाइलवर फिरणाऱ्या या सल्ल्यांनी चवदार पथ्याची बाजू बदनाम केली आहे, म्हणून त्यांचा समाचार घेणं मला भाग आहे. सैंधव हे मीठच आहे, त्यात जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच असतं. गुळाने साखर वाढते, आणि विघ्नहर, भीमाशंकर साखर कारखान्यांच्या परिसरात राहणाऱ्या आपल्याला ऊस कशाचा बनलाय हे कोणी सांगायला नको. नाचणीची बारीक पिठाची पातळ आंबील रिकाम्या पोटी प्यायली तर साखर झपाट्याने चढते. चवीचा हक्क मागणं म्हणजे मोजमाप सोडणं नाही. उलट चव राखायची तर मोजमाप जास्त काटेकोर लागतं.

आणि एकाचं पथ्य दुसऱ्याचं विष असतं, हे या लोकांना ठाऊकच नसतं. आमच्या दिरांचं उदाहरण घ्या. मूत्रपिंड काम करत नसलं की पोटॅशियम रक्तात साठतं आणि ते वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. आता आपला मुलूख बघा. नारायणगाव टोमॅटोच्या बाजारासाठी नावाजलेलं, सातगाव पठार बटाट्यासाठी. दोन्हींत पोटॅशियम भरपूर. बाजरीत पॉलिश केलेल्या तांदळाच्या सुमारे तिप्पट पोटॅशियम आणि फॉस्फरसही तेवढंच चढं. म्हणजे सासूबाईंना भात कमी, भाकरी-कोशिंबीर जास्त. दिरांना भाकरी कमी, पांढरा भात जास्त. गावात कोणी भातावरून त्यांना हटकलं की मला राग येतो. शहाळं घेऊन भेटायला येणाऱ्यांना तर दारातच समजावून सांगावं लागतं, कारण शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम इतकं असतं की ही आपुलकी त्यांना इस्पितळात पोहोचवेल. बाजारात मिळणारं “लो सोडियम” मीठही त्यांना वर्ज्य आहे, कारण त्यात सोडियमची काही जागा पोटॅशियमने घेतलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2025 मध्ये अशा मिठाची शिफारस केली तेव्हा मूत्रपिंडाच्या रुग्णांना त्यातून स्पष्टपणे वगळलं.

इतक्या बंधनांत चव कशी आणायची, असं कोणी विचारेल. आणता येते, पण त्यासाठी नेमकं माहीत असावं लागतं. बटाटा पूर्ण बंद करायची गरज नाही. रात्रभर पाण्यात भिजवला की त्यातलं पोटॅशियम निघून जातं असं सर्रास सांगतात, ते खरं नाही. 2008 सालच्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात नुसतं भिजवून फारसा फरक पडला नाही. फोडी करून भरपूर पाण्यात उकळून पाणी टाकलं तेव्हा पोटॅशियम निम्म्यावर आलं, आणि किसून उकळलं तेव्हा चौथ्या हिश्श्यावर. मग सातगाव पठारचा बटाटा किसा, उकळा, पाणी फेका, आणि जिरं-हिरवी मिरची घालून लोखंडी तव्यावर कडेने कुरकुरीत होईपर्यंत परता. आहारतज्ज्ञाने ठरवून दिलेल्या प्रमाणात दिरांना ही भाजी मिळते, आणि त्या दिवशी ते स्वतःहून जेवायला बसतात. कांद्यात पोटॅशियम कमी. ओतूर-आळेफाट्याच्या पट्ट्यात कांद्याला काय तोटा? कांदा लालसर परतला की गोडसर, दाट चव येते आणि टोमॅटोची आठवण होत नाही. कोबी, दोडका, ढोबळी मिरची, घेवडा यांवर वर्ष निघतं. पाण्याचं बंधन असल्याने रस्सा, ताक, आमटी हे सगळं पाण्यातच मोजायचं, म्हणून त्यांच्यासाठी कोरड्या, परतलेल्या भाज्या. मासवडी त्यांना नाही, तीळ-खोबरं-बेसन तिन्ही त्यांना जड. सणाला एखादी वडी, तीही विचारून. हे बंधन मी पाळते, आणि ते पाळताना त्यांचं ताट रिकामं वाटू नये एवढीच माझी धडपड असते.

गहू बंद असलेल्यांचाही एक शब्द. सीलिअ‍ॅकच्या मुलांना आपल्याकडे भाकरी-भात आयतेच आहेत, म्हणून आई-बाप निर्धास्त होतात. पण ज्या गिरणीत गहू दळला त्याच गिरणीत मागोमाग बाजरी दळली तर पीठ मिसळतं. शिवाय डबीतल्या हिंगात पुष्कळदा गव्हाचं पीठ असतं. वेष्टन वाचा, आणि नसेल कळत तर हिंग वगळून लसणाची फोडणी द्या.

आता सर्वांत जड आक्षेप, आणि तो पुरुष सहसा बोलत नाहीत, बायकाच दबक्या आवाजात बोलतात: “दोन-दोन, तीन-तीन स्वयंपाक कोण करणार?” कांदा काढणीच्या दिवसांत बाई पहाटे उठते, दुधाचं बघते, डबे भरते, रानात जाते. तिला चवदार पथ्य कर म्हणणं हे तिच्याच डोक्यावर आणखी एक ओझं. हे अगदी खरं आहे. बेचव पथ्य आपल्याकडे टिकून राहिलं त्याचं एक कारण हेच: आजाऱ्याचं नुसतं उकडून बाजूला काढलं की काम संपतं.

पण यावर उत्तर वेगळा स्वयंपाक हे नाहीच. घरातल्या सगळ्यांसाठी एकच, कमी मिठाचा स्वयंपाक हे आहे. दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा निरोगी प्रौढांसाठीच आहे. पाच माणसांच्या घराला महिन्याला पाऊण किलो मीठ होतं, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं. आपण महिन्याला किती पिशव्या फोडतो ते प्रत्येकीने मोजावं. सासऱ्यांचं पथ्य हे खरं तर सगळ्या घराचं पथ्य व्हायला हवं होतं, ते आपण त्यांच्या एकट्यावर शिक्षेसारखं टाकलं. घरातल्या तरण्या माणसाला अळणी वाटलं तर त्याने वरून घ्यावं. सवय होईपर्यंत काही आठवडे कुरबूर होईल. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी 1982 मध्ये दाखवून दिलं की मीठ कमी केलेल्या लोकांची जीभ काही महिन्यांत बदलते आणि पूर्वीचं जेवण त्यांना फार खारट लागू लागतं. म्हणजे घरातल्या चवीचं मोजमापच खाली आणता येतं, आणि मग आजाऱ्यासाठी वेगळं पातेलं लागत नाही. उरलेलं काम, खोबरं भाजणं, लसूण सोलणं, बटाटा किसून उकळणं, हे पुरुषांना येत नाही असं काही नाही. ज्यांच्यासाठी पथ्य आहे त्यांना बसल्या जागी लसूण सोलता येतो. आमच्या घरी सासरे सोलतात.

मधुमेहाच्या बाबतीत तर वेगळं शिजवायचंही नाही, फक्त क्रम बदलायचा. न्यूयॉर्कच्या वेल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात 2015 साली अकरा जणांवर केलेल्या एका लहान अभ्यासात तेच जेवण, फक्त भाज्या आणि प्रथिनं आधी आणि पाव शेवटी खाल्ला, तर जेवणानंतरची साखर बरीच कमी वाढली. कोशिंबीर, पालेभाजी, उसळ आधी, भाकरी-भात मागून. उन्हाळ्यात जुन्नरचा हापूस येतो तेव्हा सासूबाईंना वाटीभर आमरस आणि पुऱ्या मिळत नाहीत. जेवणाच्या शेवटी आंब्याच्या दोन फोडी मिळतात, त्या दिवशी भात नसतो, आणि दुसऱ्या दिवशी साखर तपासली जाते. आकडा बिघडला तर फोडी थांबतात. हे त्यांना मान्य आहे, कारण त्यांच्याशी बोलून ठरवलं आहे.

म्हणून मागणं आहे ते असं. मंचर, घोडेगाव, जुन्नर, नारायणगाव, जिथे जिथे शुगर-बीपीची तपासणी होते तिथे हातात पडणाऱ्या कागदावर मासवडी, शेंगोळे, भाकरी, हुलगा, करटुली, कांदा, बटाटा यांची नावं असावीत, प्रत्येकासमोर कोणत्या आजाराला किती आणि कसं, हे असावं. नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्राने पिकांची प्रात्यक्षिकं घेतं तशी पथ्याच्या स्वयंपाकाची घ्यावीत, आणि त्याला जोडीने बोलवावं. रुग्णाने पुढच्या वेळी डॉक्टरांना “काय बंद?” असं न विचारता आपलं पोटॅशियम किती आहे, दिवसाला मीठ आणि पाणी किती चालेल, प्रथिनं वाढवायची की कमी करायची, हे विचारावं आणि लिहून घ्यावं.

आणि गावच्या पंगती. आणे गावी रंगदास स्वामींच्या यात्रेत आमटी-भाकरीचा प्रसाद होतो, गावोगाव सप्ताह होतात, लग्नं होतात. पथ्यावरची माणसं तिथे एक तर जात नाहीत, किंवा जातात आणि सगळं खातात. आचाऱ्याला एवढंच सांगायचं आहे की आमटी उकळली, मसाला मुरला, की मीठ टाकायच्या आधी एक पातेलं बाजूला काढा. त्यात नंतर अगदी थोडं मीठ घाला, वरून लिंबू ठेवा आणि पंगतीत वाढप्याला त्याच रांगेतून ते फिरवायला सांगा. ज्यांना हवं ते मागून घेतील.